राग गणिताचा, निघतो कुणावर?

(कामरगाव, जि. वाशिम येथे नववी ते बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



समोर नववी-दहावीची मुलं आहेत, अकरावी-बारावीची आहेत, आणि मागच्या रांगेत दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजला किंवा दुकानावर लागलेलेही काही जण आहेत. पडद्यापलीकडे अम्मी आणि आपा बसल्या आहेत. हे भाषण तुम्हा सगळ्यांसाठी आहे. अभ्यास कसा करावा, वेळापत्रक कसं लावावं, हे तुम्ही खूपदा ऐकलेलं असेल. मी त्याच्या एक पायरी आधीचं बोलणार आहे. गणित अडलं, पेपर खराब गेला, वर्गात सगळ्यांसमोर उत्तर आलं नाही, तर त्या क्षणी आपल्या मनात काय होतं? आणि त्याचा आपल्या शिकण्यावर काय परिणाम होतो?

मी मानसशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही वर्षांपासून रविवारी फोनवरून आपल्या वऱ्हाडातल्या काही मुलामुलींना गणित आणि विज्ञान शिकवतो. शिकवताना एक सवय लागली. मुलं कमी मार्क पडल्यावर काय बोलतात, ती वाक्यं वहीत लिहून ठेवायची. त्यातली काही वाचतो.

"सर पार्शलिटी करतात."
"मी मन लावून केलंच नाही, नाहीतर आलं असतं."
"मला डोकंच नाही."
"आपल्या लोकांना कुठं नोकरी भेटते?"
"नशिबात नव्हतं."
"मला शिकायचंच नव्हतं."

तुमच्यापैकी काही जण हसताहेत. म्हणजे ही वाक्यं ओळखीची आहेत. ही खोटी आहेत असं मी म्हणत नाही. यातलं एखादं पूर्ण खरंही असू शकतं. मला दिसलं ते एवढंच, की वाक्य कोणतंही असो, ते बोलून झालं की मुलाच्या चेहऱ्यावर थोडा आराम दिसतो आणि वही बंद होते.

या आरामाला मानसशास्त्रात नाव आहे. हवी असलेली गोष्ट आणि आपण यांच्यामध्ये अडथळा आला की जे वाटतं, ते वैफल्य. ते सहन होत नाही, म्हणून मन आपोआप एक ढाल पुढे करतं. तिला संरक्षण यंत्रणा म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी ही कल्पना मांडली. त्यांची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्यात किशोरवयाचा खास विचार केला. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की ढाल आपण विचार करून उचलत नाही. दगड आला की पापणी मिटते, तसं हे होतं. म्हणून "बहाणे करू नकोस" असं म्हणून काही होत नाही. मूल बहाणा करत नसतं, त्याला ते मनापासून खरं वाटत असतं.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. प्रोग्राम चालताना चूक झाली तर तो बंद पडतो आणि लाल अक्षरात सांगतो, अमुक ओळीत अमुक गडबड आहे. ते पाहून घाबरायला होतं. पण ती लाल ओळच आपल्याला दुरुस्तीची जागा दाखवते. काही जण काय करतात, चूक पकडायची सोय लिहितात आणि आत काहीच लिहीत नाहीत. चूक झाली, पकडली, गिळली, प्रोग्राम पुढे. स्क्रीन स्वच्छ दिसते. आणि सहा महिन्यांनी कळतं की हिशेब तेव्हापासून चुकतोय. मनाची ढाल असंच करते. चुकीची लाल ओळ दिसू देत नाही. आणि शिकणं तर त्या ओळीवरच चालतं: कुठं चुकलं, का चुकलं, पुन्हा करून पाहू.

सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात चित्रांची एक चाचणी तयार केली. चित्रात कुणाची तरी अडचण झालेली असते, आणि तो माणूस काय बोलेल ते आपण लिहायचं. भारतातल्या मुलांसाठी उदय पारीक यांनी तिचं रूपांतर केलं. रोझेनझ्वाइग यांनी उत्तरांची तीन दिशांत विभागणी केली. राग बाहेर जातो, राग आत जातो, किंवा रागच गुंडाळून ठेवला जातो.

आता हे वर्गात बघा. चाळीसपैकी अकरा मार्क पडले. पहिला मुलगा म्हणतो, "सरांनी मुद्दाम कापले." दुसरा म्हणतो, "मी ढ आहे." तिसरा म्हणतो, "एवढं काय त्यात, चाचणीच तर होती." तिघं वेगळे वाटतात. पहिला भांडखोर, दुसरा बिचारा, तिसरा बिनधास्त. पण तिघांनी एक गोष्ट सारखी केली. तिघांपैकी कुणीही पेपर उघडून तिसरं गणित कुठं फसलं ते पाहिलं नाही.

यातल्या दुसऱ्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. "मला डोकंच नाही" हे ऐकून आपल्याला वाटतं, किती नम्र मुलगा. पण हीसुद्धा ढालच आहे. एकदा डोकंच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न संपतो. प्रयत्न करून पुन्हा हरण्याचा धोका राहत नाही. आणि घरातले म्हणतात, जाऊ द्या, त्याला कामाला लावा.

आणखी एक ढाल फार हुशार मुलं वापरतात. १९७८ मध्ये बर्गलास आणि जोन्स या दोन अमेरिकन संशोधकांनी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना सुटू शकतील असे प्रश्न दिले, काहींना सुटणारच नाहीत असे. नंतर सगळ्यांना सांगितलं, तुम्ही छान केलंत. मग दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांपैकी एक निवडायला सांगितलं. एकानं बुद्धी तरतरीत होईल, दुसऱ्यानं मंदावेल, असं सांगून. ज्यांना न सुटणारे प्रश्न मिळाले होते, म्हणजे यश कसं आलं हे ज्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं, त्यांच्यात मंदावणारं औषध निवडण्याकडे कल जास्त दिसला. का? नापास झालो तर दोष औषधावर जाईल. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर गेम खेळणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. तो कदाचित आपली सबब तयार करत असतो. "मी वाचलंच नव्हतं" हे "मी वाचून नापास झालो" यापेक्षा कमी दुखतं.

अ‍ॅना फ्रॉइड यांनी किशोरवयातल्या आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं. या वयात मुलं मोठमोठ्या विषयांवर तासनतास बोलतात. जग, न्याय, धर्म, क्रांती. विचार करणं चांगलंच आहे. पण कधीकधी हे मोठं बोलणं जवळचं छोटं दुखणं टाळण्यासाठी असतं. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर साऱ्या उम्मतचे प्रश्न सोडवणाऱ्या मुलाला विचारा, उद्याचं वर्गसमीकरण सुटलं का?

आता आपल्या भागातली एक खरी अडचण सांगतो. आपली बरीच मुलं उर्दू माध्यमातून दहावी होतात आणि विज्ञान घेतलं की अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात येतं. मराठी माध्यमातल्या मुलांचंही हेच होतं. माझ्याकडे एक मुलगा आला. दहावीला विज्ञानात चांगले मार्क. अकरावीच्या पहिल्या चाचणीत आपटला. म्हणाला, "भाईजान, सायन्स माझ्या डोक्यात जात नाही." मी विचारलं, झाड आपलं अन्न कसं तयार करतं? त्यानं उर्दूत झियाई तालीफची पूर्ण क्रिया सांगितली. कार्बन डायऑक्साइड, पाणी, सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, सगळं बरोबर. त्याला फक्त हे माहीत नव्हतं की पेपरातलं फोटोसिंथेसिस म्हणजे तेच, आणि शेजारच्या मराठी शाळेत त्यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात.

म्हणजे अडथळा शब्दांचा होता आणि मुलानं निकाल दिला स्वतःच्या मेंदूविरुद्ध. आम्ही एक वही केली, तीन रकान्यांची. इसराअ, त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन. कसाफत, घनता, डेन्सिटी. रोज दहा शब्द. काही महिन्यांत तो पुस्तक स्वतः वाचू लागला. अडथळ्याला खरं नाव मिळालं की त्याचं काम होतं. खोटं नाव दिलं, तर तो तुमच्या स्वभावाचा भाग बनून जातो.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. "आपल्या लोकांना कुठं नोकरी भेटते?" हे वाक्य ढाल आहे की सत्य?

यात सत्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा. त्यात सांगितलंय की ६ ते १४ वयातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढची पायरी मिळण्याच्या शक्यतेचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश निघालं. दलित नावालाही कमीच होतं. तेव्हा कुणी तुम्हाला सांगेल की भेदभाव तुमच्या मनाचा खेळ आहे, तर त्याला हे आकडे सांगा.

भेदभाव मनातही शिरतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली, रस्ता शोधायची. जात न विचारता बसवलं तेव्हा उच्च आणि तथाकथित खालच्या जातीची मुलं जवळपास सारखीच. जात सर्वांसमोर जाहीर केली, तशी खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडीही तशीच. फक्त "आपल्याला न्याय मिळणार नाही" ही जाणीव खोलीत आली होती.

मग ओळखायचं कसं, की मी सत्य सांगतोय की ढाल उचलतोय? मी मुलांना दोन प्रश्न देतो.

पहिला: हे कारण समोरच्या याच चुकीला लागू पडतं का? भेदभावामुळे मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, हे होऊ शकतं. पण उणे तीन गुणिले उणे चार याचं उत्तर मी उणे बारा लिहिलं, ते भेदभावामुळे नाही.

दुसरा: हे कारण खरं मानलं तर उद्या सकाळी मी काय करणार? खऱ्या तक्रारीतून काम निघतं. सर खरंच अन्याय करतात? मग पेपर दाखवा, पालकांना घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, लेखी अर्ज करा. शिष्यवृत्ती अडली? कागद घेऊन कार्यालयात जा, चार जण मिळून जा. ढालीतून मात्र कामच निघत नाही, नुसता आराम निघतो. तोही रात्रीपुरता.

तुम्ही अन्सार शेख यांचं नाव ऐकलं असेल. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे, वडील रिक्षाचालक, शिक्षण मराठी माध्यमातून. २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत ३६१ वा क्रमांक, वय २१. निकालानंतर त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की पुण्यात मुसलमान म्हणून खोली मिळेना तेव्हा शुभम असं मित्राचं नाव सांगावं लागलं. ही गोष्ट "बघा, तो करू शकतो तर तू का नाही" असं म्हणायला मी सांगत नाही. खोलीसाठी कुणालाही नाव बदलावं लागू नये, आणि हे बदलणं फक्त मुलांच्या मेहनतीचं काम नाही, समाजाचं आणि सरकारचं आहे. मी एवढंच दाखवतोय, की त्यांनी अन्याय झालाच नाही असंही म्हटलं नाही आणि अन्याय आहे म्हणून पुस्तकही मिटलं नाही. या दोन गोष्टी एका डोक्यात सोबत ठेवता येतात.

"नशिबात नव्हतं" याबद्दल एकच वाक्य. उंट आधी बांधायचा, मग तवक्कुल, हे तुम्हाला मदरशात मी सांगण्याआधीच शिकवलेलं आहे. तकदीरचा आधार प्रयत्नानंतर घ्यायचा असतो.

आता मुलींबद्दल. वहीतलं शेवटचं वाक्य, "मला शिकायचंच नव्हतं", हे मी बहुतेक वेळा मुलींकडून ऐकलंय. गावात बारावीच्या पुढे सोय नाही, कॉलेज कारंज्याला किंवा अमरावतीला, घरून एसटीनं जायची परवानगी नाही. अशा वेळी रोज रडत बसण्यापेक्षा मन म्हणतं, मला हवंच नव्हतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही म्हण आपण हसण्यासाठी वापरतो. पण इथं द्राक्षं दुसऱ्या कुणीतरी उंच टांगून ठेवली आहेत. मुलीला हिंमत द्यायच्या आधी अब्बांनी आणि भावांनी स्वतःला विचारावं, ती "नको" म्हणते ते खरंच तिचं आहे का? एकदा परवानगी देऊन मग विचारून बघा.

पालकांनो, ढाल जितकी घट्ट, तितकं आत दुखणं मोठं. मार्क कमी पडल्यावर चुलतभावाशी तुलना केली, चार लोकांत बोललात, हात उगारला, तर मूल अभ्यास शिकत नाही, पुढच्या वेळी पेपर लपवायला शिकतं. आणि तो राग ते धाकट्या भावावर काढतं. तो भाऊ शेळीला दगड मारतो. गणिताचा राग असा अंगणभर फिरतो.

मग करायचं काय? ढाल पूर्ण टाकून देता येत नाही, कुणालाच. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा अनेक दशकं पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, संरक्षण यंत्रणांमध्येही कच्च्या आणि पक्व असा फरक असतो. नाकारणं, दुसऱ्यावर ढकलणं या कच्च्या. विनोद, राग एखाद्या कामात वळवणं, त्रास थोडा वेळ जाणूनबुजून बाजूला ठेवणं, येणाऱ्या अडचणीची आधी तयारी करणं या पक्व. माणूस एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो.

म्हणून चार साध्या गोष्टी.

एक, पेपर मिळाला त्या दिवशी काहीच ठरवू नका. राग येऊ द्या, रडू येऊ द्या, क्रिकेट खेळा. "मी हे उद्या पाचला बघणार" एवढं मात्र ठरवा. आणि उद्या पाचला बघा.

दोन, उद्या पेपर घेऊन तीन रकाने करा. आलं नाही, आलं पण चुकलं, प्रश्नच कळला नाही. तिसरा रकाना मोठा निघाला तर अडचण भाषेची आहे. दुसरा मोठा निघाला तर सरावाची. पहिला मोठा असेल तर धडा पुन्हा मुळापासून. "मी ढ आहे" असा रकाना नाही.

तीन, वाक्याला "अजून" जोडा. "मला बीजगणित येत नाही" याऐवजी "मला बीजगणित अजून येत नाही". आणि सरांना "काही समजत नाही" असं सांगू नका, "या पानावरची ही ओळ समजली नाही" असं विचारा. सगळंच समजलं नाही म्हटलं तर सरही काही करू शकत नाहीत.

चार, दोन-तीन मित्र मिळून चुका एकमेकांना दाखवा. आमच्या धंद्यात प्रत्येकाचा कोड दुसरा माणूस तपासतो. अनुभवी माणसाच्या कोडमध्येही चुका निघतात आणि कुणी त्याला ढ म्हणत नाही. ज्या गटात चूक दाखवायची लाज नसते, तिथं ढालीची गरज कमी होते.

दहावीला एक-दोन विषय राहिले असतील तर ऐका. आपल्या बोर्डानं २०१५ पासून जुलैमध्येच पुन्हा परीक्षा घ्यायला सुरुवात केली, पूर्ण वर्ष थांबावं लागत नाही. गुणपत्रिकेवर आता नापासऐवजी वेगळा शेरा येतो. शब्द मऊ केला हे चांगलंच. पण शब्द मऊ झाला म्हणून राहिलेलं गणित सुटत नाही. ते आपल्यालाच सोडवायचंय, आणि ३५ मार्कांचं अंतर तीन रकान्यांनी कापता येतं.

आणि कुणाच्या मनातला राग इतका आत वळला असेल की जगणंच नको वाटतं, तर ती आता अभ्यासाची गोष्ट राहिली नाही. घरातल्या एका माणसाला सांगा. सांगता येत नसेल तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, रात्रंदिवस चालू असते. फोन करण्यात काही लाज नाही.

नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपला वाशिम आहे. म्हणजे मागे पडलेला, पण पुढे यावा असा जिल्हा. या यादीकडेही तिन्ही प्रकारांनी बघता येतं. सरकारला शिव्या द्या, "आपला भाग असाच" म्हणून मान खाली घाला, किंवा "काही नाही हो, ठीक चाललंय" म्हणा. चौथा प्रकार म्हणजे पेपर उघडून कुठं चुकलं ते बघणं. त्यातली काही उत्तरं आपण लिहायची आहेत, काही सरकारकडून मागून घ्यायची आहेत.

आज घरी गेल्यावर शेवटच्या चाचणीचा पेपर शोधा. दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवलेला असेल. उद्या पाचला तो उघडा. तिसऱ्या रकान्यात काय आलं, ते मला पुढच्या रविवारी सांगा.